थंडीतला पंखा

आमच्या बाबांना सगळी गल्ली 'वारेसाहेब' म्हणते. साहेब वगैरे ते काही नाहीत. बाजाराच्या मागे एका दाराचं दुकान, त्यात छताला, भिंतीला, जमिनीवर, बघाल तिकडे पंखेच पंखे, आणि मधोमध स्टुलावर बाबा, जळालेल्या मोटरीतली तार उपसत बसलेले. वार्निशचा वास त्यांच्या शर्टांत असा मुरलाय की आई म्हणते, साबणाने हात टेकले. पंखा बिघडला की माणसं त्यांच्याकडे डॉक्टरकडे धावावं तशी धावत येतात, कारण आमच्याकडे जवळजवळ वर्षभर पंख्याशिवाय जगणं अशक्य. उरलेल्या थोड्या दिवसांतही तो एक नंबरवर फिरत असतो, निव्वळ सवयीने.

थंडी आमच्याकडे क्वचितच येते आणि हजेरी लावून निघून जाते. त्यामुळे तिच्याशी वागायचं कसं हे कोणालाच ठाऊक नाही. घरं सगळी उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, मोठाल्या खिडक्या, गुळगुळीत फरशी. उन्हाळ्यात जिच्यावर उघड्या पाठीने लोळावं ती फरशी थंडीत पाय ठेवला की चावते, कळ थेट गुडघ्यापर्यंत जाते. खिडक्या वर्षानुवर्षं उघड्या राहून अशा फुगल्यात की लावायला हातोडा घ्यावा लागतो. गरम कपडे म्हणजे घरटी एखादा स्वेटर, कधीकाळी सहलीला जाताना घेतलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. बाकी मग शर्टावर शर्ट, डोक्याला टॉवेल आणि खांद्यावर अंथरुणातली चादर. बाहेरगावची माणसं हसतात आणि 'याला थंडी म्हणता?' असं विचारतात. हसू देत. त्यांची घरं थंडीला दारातच अडवतात, आमची तिला आत या, बसा म्हणतात!

यंदा तर ती मुक्कामालाच आली. डोक्याला लावायचं तेल बाटलीत गोठून बसलं. नळाखाली हात धरवेना. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता, म्हणून मी आठवडाभर माहेरी आले, आणि दारातच थबकले.

बाहेरच्या खोलीत दोन गाठोडी बसली होती. एक आई, साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल. दुसरं बाबा, कानटोपी, मफलर आणि मांडीवर ब्लँकेट. दोघांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

"हे काय चाललंय?" मी चपला काढायच्या आधीच सुरू झाले. "बाबा, दुकान पंख्यांचं आहे म्हणून घरातही जाहिरात करायलाच हवी का?"

माझा स्वभाव तसा आधी हात, मग डोकं असाच आहे. मी सरळ जाऊन बटण बंद केलं. पाती थांबतात न थांबतात तोच आई ताडकन उठली आणि तिने ते पुन्हा चालू केलं.

"मला गरम होतंय," ती म्हणाली. म्हणताना तिचे दात वाजत होते.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "तिला आताशा पंख्याशिवाय घुसमटतं. मला काही होत नाही." आणि त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. ती भांड्यात पाणी तापत ठेवून त्याच्या वाफेवर हात शेकत होती.

"गरम होतंय तुला?" मी तिचा हात धरला. बर्फ. "आई, खरं बोल. त्यांना पंख्याचं एवढं वेड आहे का, की बायको गारठली तरी चालेल?"

"हळू बोल," ती म्हणाली. मग स्वतःच हसली. "नाही, तशी हळू बोलली नाहीस तरी चालेल. त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कमी येतं. झाली आता दोनतीन वर्षं. काही ऐकू आलं नाही की म्हणतात, पंख्याच्या आवाजात कळलं नाही. दुकानात तेच, घरात तेच. मी एकदा डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाले, माझ्या कानांना काय धाड भरलीय? लांबून ऐकून सांगतो मी, बेअरिंग गेलं की कंडेन्सर. त्यानंतर चार दिवस धड जेवले नाहीत. तो विषय मी पुन्हा काढला नाही."

"आणि दुकानात कसं चालतं मग?"

"मी बघून आलेय. आता ऐकत नाहीत ते. मोटरीवर तळवा ठेवतात आणि डोळे मिटतात. थरथर हाताला कळते, ताप कळतो. गिऱ्हाइकाला वाटतं, केवढं ध्यान लावलंय." तिने पाणी उतरवलं. "गल्लीत सगळ्यांचे पंखे बंद झाले. आमचाही बंद केला, तर त्यांच्याकडे सांगायला काय राहील? मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. तू तोंड उघडू नकोस."

मला तिचा राग आला आणि तिच्याबद्दल मायाही दाटून आली, दोन्ही एकदमच. रागाला वाट मिळाली नाही म्हणून मी तिला घट्ट मिठी मारली.

मग काय, मीही कटात सामील झाले. गाठोडी दोनाची तीन झाली. पंख्याखाली ताटात भात वाढला की वाफ दिसायच्या आत गार. पलीकडच्या घरातली शिंपीणबाई कात्री मागायला आली ती दारातच ओरडली, "अगं बाई, पंखा? डोकी फिरलीत का तुमची?"

"डोकी जागेवर आहेत," मी म्हटलं. "फक्त पंखा फिरतोय."

एके दिवशी सकाळी मी बाबांबरोबर उन्हात पायरीवर बसले. मुद्दाम समोर बसले, तोंड दिसेल असं. "बाबा, तुम्हाला थंडी वाजत नाही त्या पंख्याखाली?"

"वाजते की! हाडं काकडतात." ते आत नजर टाकून म्हणाले, "पण काय सांगू तुला. सगळ्या गावाला वारा दिला मी, आणि तिच्या स्वयंपाकघरात काही पंखा लावता आला नाही. तिथे गॅस विझतो. अख्खा जन्म ती आत उकडून निघाली. आता म्हातारपणी ती म्हणते, मला वारा हवाय, तर मी नको म्हणू? कुडकुडलो थोडा तर मरत नाही मी."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. आईला दिलेला शब्द आठवला आणि ते गिळलं. काय माणसं आहेत, मी मनात म्हटलं. दोघंही एकमेकांसाठी थंडीत मरताहेत, आणि खर्च होतेय ती वीज!

पण गंमत फार दिवस टिकली नाही. आईला खोकला झाला. आधी साधा, मग असा की ती खोकता खोकता भिंतीला धरून उभी राही. मी रागावले. पंखा बंद कर नाहीतर मी बाबांना सांगते, अशी धमकीही दिली. ती म्हणाली, "खोकला आज आहे, उद्या जाईल. त्यांचा मान एकदा गेला की परत आणून देशील का?" मी निमूटपणे तिच्यासाठी पाणी तापवत राहिले.

रविवारी दुपारी बाबा खिडकीशी बसले होते. थंडीत दुकानाला काम नाही, म्हणून एक जुना टेबलफॅन घरी आणून ते त्याची तार गुंडाळत होते. उजेड खिडकीतून येत होता आणि पाठ खोलीकडे होती. आई मागे, पलंगावर. मी स्वयंपाकघरात. तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे दिवा कोणी दुपारी लावत नाही, त्यामुळे बाहेरच्या खोलीत बदल असा एकच झाला. पंखा मंदावला, रेंगाळला आणि थांबला.

घर एकदम शांत झालं. त्या शांततेत आईला खोकल्याची उबळ आली.

"अहो," मला तिचा आवाज ऐकू आला. "अहो... पाणी..."

मी गॅस बंद करून धावले. दारात पोचले तेव्हा ती पलंगाची कड धरून वाकली होती, चेहरा लालबुंद. आणि बाबा, हात लांब केला तर हाताला लागतील इतक्या अंतरावर, शांतपणे तार गुंडाळत होते. एक वेढा, दुसरा वेढा. मी तिच्या तोंडाला तांब्या लावला. त्यांना तेही कळलं नाही.

जरा वेळाने त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. पाठ सैल केली. गार झोत थांबला होता, ते पाठीला कळलं असावं. वळता वळता ते मजेत म्हणाले, "आज बंद केलास होय गं? आज नाही का गरम..."

पुढचं राहिलं. समोर आई धापा टाकत होती, मी तिची पाठ चोळत होते. त्यांनी वर पाहिलं. पाती स्तब्ध होती. मग आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर बिघाड शोधलेला माणूस तो, त्याला किती वेळ लागणार?

"तू हाक मारलीस," ते म्हणाले.

आईने मान हलवली, नाही अशी. तेवढ्यातही खोटं!

ते उठून आले आणि पलंगाशी बसले. आईचं पाऊल त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं. माझ्यादेखत त्यांनी तिला असा कधी हात लावला नव्हता. डोळे मिटले, दुकानात मिटतात तसे.

"गरम होत नाही तुला," ते म्हणाले. "कधीच होत नव्हतं."

आई रडायला लागली. "मी काही म्हणाले का तुम्हाला?"

"नाही म्हणालीस. तेच तर."

स्वतःचं ब्लँकेट त्यांनी तिच्या पायांवर टाकलं, चांगलं खोचून दिलं, आणि मला म्हणाले, "शिडी आण."

वीज यायच्या आत त्यांनी पंखा उतरवला. पाती सोडवून एकेक माझ्या हातात दिली. मी ती पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. छतात नुसता आकडा उरला. तारांच्या टोकांना त्यांनी नीट टेप मारली, शिडीवरून खाली आले आणि आमच्याकडे न बघता, टेपच्या रिळाशी बोलल्यासारखं बोलले.

"आता उन्हाळ्यापर्यंत हा नाही. तोवर मला ऐकू आलं नाही, तर ते मला ऐकू आलं नाही. समोर येऊन बोलायचं. आणि जरा मोठ्याने."

मी त्यांच्या पाठीमागूनच 'बरं' म्हटलं. मग समोर जाऊन पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

आईने डोळे पुसले. खोकला तिचा जरा बसला होता. उठू नकोस म्हटलं तरी ती उठलीच, ब्लँकेटसकट, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिने इतक्या वर्षांचा साठवलेला आवाज एकदाच बाहेर काढला.

"अहो! चहा घेणार का?"

गल्लीत कुठेच पंखा चालू नव्हता. हाक भिंतीपलीकडे गेली, आणि तिकडून शिंपीणबाईचा आवाज आला, "हो, चालेल! साखर कमी!"

मी खो खो हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मला वाटलं, आता ते सवयीने वर, पंख्याच्या जागेकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"काय म्हणालं कोण?" त्यांनी विचारलं.

आई चहाचं भांडं तसंच ठेवून आली, त्यांच्या समोर बसली आणि म्हणाली, "पलीकडच्या बाईंनाही चहा हवाय."

"मग दे की त्यांनाही," बाबा म्हणाले.