दोन पट्टे गवताच्या वर

खोपकर सर गेल्याचं मला सल्लागारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले, एवढंच कुणीतरी लिहिलं होतं. अकरा जणांनी हात जोडले, बाराव्याने आपट्याच्या पुलाचा नकाशा कोणाकडे आहे म्हणून विचारलं, आणि तो माझ्याकडे होता म्हणून मी पाठवला. सर गेल्यावर मी केलेली पहिली गोष्ट ही. त्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी रडू आलं नाही. नंतर जे आलं, ते नुसतं दुःख नव्हतं… म्हणून लिहायला बसले आहे.

सरांचा व्यवसाय समजावून सांगणं कठीण. कुठे मोठं बांधकाम व्हायचं असलं की आधी ती जमीन पायी फिरायची, तिथे जुनं काही आहे का आणि असलं तर ते कसं राखायचं हे लिहून द्यायचं. पुरातत्त्व सल्लागार. बिल्डरला वाटायचं हा काम अडवायला आलाय, गावाला वाटायचं हा बिल्डरचा माणूस. चहा दोन्हीकडे मिळतो पण थंड, असं ते हसून सांगायचे. नवीन पनवेलला माझं नकाशे आणि अहवाल तयार करण्याचं छोटं ऑफिस आहे. सर मापं आणि फोटो घेऊन यायचे, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून मोज्यांतली कुसळं एकेक उपटायचे आणि माझ्याच टेबलावर ओळीने मांडून ठेवायचे. मी वैतागायचे. त्यांच्याजवळ कायम एक मीटरभर काठी असायची, घरीच रंगवलेली, लाल-पांढरे पाच पट्टे. काठी उभी केल्याशिवाय फोटो काढायचा नाही. माझ्या मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या फोटोतही ती काठी आहे, आणि मागे सरांच्या अक्षरात लिहिलंय, उंची साडेचार पट्टे, केक धरून.

त्यांचा नियम एकच. पावसाळ्यात जमीन बघायची नाही. भाद्रपदात आपल्याकडे गवत असं माजतं, की खाली जोतं असो नाहीतर मूर्ती, ठेच लागली तरच कळायची. या दिवसांत जमीन तोंडावरून पदर घेऊन बसलेली असते, तिला काय विचारणार, असं ते म्हणायचे. दिवाळीनंतर गवत कापून झालं की मगच त्यांचे बूट बाहेर निघत.

हा नियम त्यांना मी मोडायला लावला.

कर्नाळ्याच्या अलीकडे गोदामांसाठी घेतलेली एक मोठी जमीन होती. काम माझ्या ओळखीचं, क्लायंट माझा, आणि त्यांना अहवाल गणपतीच्या आत हवा होता. सरांनी दोनदा नाही म्हटलं. मी म्हटलं, तुम्ही नाही केलंत तर ते दुसऱ्याकडून करून घेतील आणि तो गाडीतून खालीसुद्धा उतरणार नाही. हे खरंच होतं. खरं बोलूनही माणसाला फसवता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. सर आले. गवतात काठी उभी केली तर वरचे दोनच पट्टे दिसत होते, तीन बुडालेले. तरी ते सकाळभर पाच-पाच पावलांवरून रेघा मारल्यासारखे चालत राहिले, मी कॅमेरा घेऊन मागे. बांधावर सोमीबाई नावाची कातकरी बाई रानभाजी खुडत होती. सरांनी तिला विचारलं तर तिने हात लांब करून जमिनीचा मध्य दाखवला.

"दगड हाय तिकडं. घोऱ्यावरचा मानूस हाय त्याच्यावर. आमी नारल फोडतो," ती म्हणाली. "आता नाय दिसायचा दादा. दिवाली झाली, गवात कापलं, का ये."

म्हणजे वीरगळ; लढताना मेलेल्या कुणाच्या तरी नावाने उभा केलेला. आम्ही तासभर शोधला, सापडला नाही. सरांनी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं, की गवतामुळे ही पाहणी अपुरी आहे, जमिनीच्या मध्यावर वीरगळ असल्याचं स्थानिक सांगतात, गवत कापून पुन्हा पाहणी होईपर्यंत यंत्र लावू नये. क्लायंटच्या ऑफिसातून मला फोन आला. वाक्य काढा असं कुणी म्हटलं नाही. पहिलं पान जरा सुटसुटीत ठेवा, एवढंच. मी ते वाक्य शेवटच्या परिशिष्टात नेलं. सरांनी फोनवर विचारलं, "सोमीबाईंचं लिहिलंयस ना?" मी हो म्हटलं. लिहिलेलं होतंच. आणि गवतातल्या काठीच्या फोटोत डाव्या कडेला तिचा दाखवणारा हात आला होता, तो मी कापला. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून. मी सगळ्यांचेच फोटो असे कापते.

भाऊबीज झाल्यावर सर तिथे एकटेच गेले. पोकलेन दिवाळीच्या आधीच फिरून गेला होता. गवत कापायची कुणाला गरजच पडली नाही. तिथून ते सरळ माझ्याकडे आले, स्टुलावर बसले आणि पिशवीतून वीतभर दगड काढून टेबलावर ठेवला. घोड्याचे पुढचे दोन पाय होते, खुरांपर्यंत स्पष्ट. मुरमाच्या ढिगात बाकी काही मिळालं नाही म्हणाले. सोमीबाई त्या ढिगाजवळच बसली होती, असंही त्यांनी सांगितलं. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. "मी सांगितला व्हता ना," एवढंच म्हणाली. मी घाईघाईने परिशिष्टाचं सांगू लागले, पान क्रमांकासकट. सर ऐकत होते आणि मोज्यात कुसळं शोधत होते. एकही नव्हतं. मला एक शब्द ते बोलले नाहीत, आणि आजतागायत मला तीच शिक्षा वाटते.

त्यानंतर त्यांनी एकाही अहवालावर सही केली नाही. कारण विचारलं की गुडघे सांगायचे. मी सणावारी फोन करायचे, ते काकूंकडे द्यायचे. त्यांच्या घरी जायचं मी टाळत गेले… आणि तेराव्यालाच गेले.

त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो फोटो होता. मोठा करून, फ्रेममध्ये. गवत, गवतावर दोन पट्टे, आणि डाव्या कडेला न कापलेला हात, हिरव्या बांगड्यांचा, बोट लांब केलेलं. मूळ फोटो त्यांच्याकडे होताच की. माझा कापलेला अहवालात आहे, हा इथे.

काकूंनी चहा आणून दिला आणि फोटोकडे बघत म्हणाल्या, "रोज समोर बसायचे याच्या. कोणाचा गं हा हात? विचारलं की म्हणायचे, सुजाताला माहीत आहे."

मी म्हटलं, सोमीबाईंचा. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि चहा प्यायले.

निघताना काकूंनी ती काठी मला दिली, आता इथे कोण मोजणार म्हणून. ऑफिसात स्टुलाच्या बाजूला ती उभी आहे. पाचही पट्टे दिसतात. परवा क्लायंटचा फोन आला, नवीन जमीन आहे, अहवाल गणपतीच्या आत हवा. मी हो म्हटलं.