कोळशातला पांढरा शर्ट

मंडळी, आत्ताच हॉलमधून घरी आलो आणि अजून हसूनच राहिलो.

आमच्या कोराडीच्या कॉलनीतल्या नितीनने मारधाडीचा सिनेमा काढला, तो आज सगळ्यांनी पाहिला. शेवटी मोठा स्फोट होतो आणि हिरो कोळशाच्या ढिगावर लोळत लोळत दहा गुंडांना मारतो. तिथेच अख्खा हॉल हसला.

नितीनचं तोंड उतरलं. माझ्या बाबांना म्हणाला, "बजेट नव्हतं, काका. स्फोट नकली वाटला असंल."

बाबा जन्मभर वीज केंद्रात कोळशातच राबले. म्हणाले, "स्फोटाले कोण हसलं गा? इतका लोळला, तरी त्याचा शर्ट पांढराच. काळं व्हायले कायचं बजेट लागते?"

उद्या तो सीन पुन्हा घेऊन राहिलो, आणि एक गुंड मी आहे. हिरोसाठी पांढरा शर्ट कोण देतं? परत नक्की मिळंल, पण पांढरा नाही.