एका दिवसाने म्हातारी झालेली गाडी

मकांबुरी म्वादिमेला शांत बसलेली मी फक्त स्टिअरिंगमागे पाहिली आहे. एरवी बाई जेवतानासुद्धा उभी. वोईहून वुंदान्यीला चढणाऱ्या घाटात ती एकोणीस वर्षं मताटू चालवत होती. चौदा सीटच्या व्हॅनला आमच्याकडे केनियात मताटू म्हणतात. घाटात गाडी हाकणारी बाई ती एकटीच, आणि गाडी कायम दुसऱ्याची. शेवटच्या मालकाने तर एक दिवस वाटेतच फोन करून सांगितलं, गाडी विकली, चावी घाटाच्या पायथ्याशी पंपावर ठेव. प्रवाशांना वर पोचवून ती चावी द्यायला परत खाली आली आणि घरी चालत गेली, तेरा किलोमीटर चढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. मी तिचा शेजारी, इथल्या शाळेत भूगोल शिकवतो.

“मास्तर, जपानहून गाडी आणायची. दुकानदार मधे नको, मीच आणणार. कागद तेवढे तुम्ही वाचा.”

कागद वाचताना मलाच घाम फुटला. गाडी पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांच्या आतली हवी, आणि वर्षं मोजायची कॅलेंडरची, नोंदणीचं वर्षही धरून. म्हणजे २०१६ साली नोंदलेली गाडी २०२३च्या एकतीस डिसेंबरपर्यंत बंदरात आली तर चालते. एक जानेवारीला आली की म्हातारी. जहाजावर चढण्याआधी तिकडेच तपासणी होऊन दाखला मिळायला हवा. आणि कर तुम्ही दिलेल्या किमतीवर नाहीच. ती गाडी इथे नवी केवढ्याला पडते याची सरकारकडे यादी असते. त्यातून वयाप्रमाणे सूट, उरलेल्यावर आयातकर, त्यावर अबकारी, या सगळ्यासकट व्हॅट. गाडी जितकी जुनी तितकी सूट मोठी. म्हणून जो तो नियमात जेमतेम बसणारी सगळ्यात जुनी गाडी शोधतो.

मकांबुरीनेही तेच केलं. सोसायटीतली सगळी बचत आणि नवऱ्याचं, म्वाकिओचं, दुसरं शिलाई मशीन विकून आलेले पैसे घालून ऑक्टोबरात तिने पांढरी डिझेल व्हॅन घेतली. नोंदणी नोव्हेंबर २०१६. सीटा इथे बसवायच्या.

“अगं, अजून थोडी नवी बघ की,” म्वाकिओ म्हणाला होता.

“नवी बघायला तुझं तिसरं मशीन कुठंय?”

जहाज नोव्हेंबरात सुटणार होतं. पण तपासणीत पुढच्या काचेला तडा निघाला. काच बदलून पुन्हा तपासणी होईपर्यंत जहाज गेलं. पुढचं आमच्या मोंबासा बंदरात पोचणार अठ्ठावीस डिसेंबरला. तीन दिवस हातात होते.

त्या दिवसापासून बाईने माझी झोप उडवली. जहाज कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात दिसतं हे मीच तिला दाखवलं, तीच माझी चूक. मी वर्गात असताना ती खिडकीशी यायची.

“मास्तर, सिंगापूरला दोन दिवस झाले थांबलंय. काय करतायत तिथे? लग्न आहे का कुणाचं?”

पोरं हसायची. ती हसत नव्हती.

नाताळ झाला तशी ती मोंबासाला गेली आणि शाळेला सुट्टी म्हणून मलाही ओढून नेलं. तिचा कस्टमचा एजंट अथमान हा जुन्या शहरातला, पोट सुटलेला, अतिशय शांत माणूस. तो तळलेले बटाटे चिंचेच्या चटणीत बुडवत बोलायचा. जहाज अठ्ठावीसला आलं खरं, पण बाहेर समुद्रातच उभं राहिलं. धक्क्यावर जागा नव्हती. पावसाने आधीची जहाजं रखडली होती.

“अहो ताई, बसा जरा. जहाज आहे ते, तुमचा मताटू नाही. मागून हॉर्न मारून हलत नाही.”

“आलंय ना ते? डोळ्यांना दिसतंय! मग आलं असं लिहा.”

“दिसणं वेगळं, धक्क्याला लागणं वेगळं. कस्टमचा साहेब धक्क्याला लागल्याची तारीख धरतो.”

तीन दिवस ती समुद्राकाठी येरझाऱ्या घालत होती. क्षितिजावर सात-आठ जहाजं, आपलं कुठलं तेही कळत नव्हतं. एकतीसला दुपारी अथमानने तिला बाजूला घेतलं. एक माणूस आहे, म्हणाला, नोंदणीचा महिना बदलून देतो. नोव्हेंबरचा जानेवारी, सोळाचा सतरा.

एवढा वेळ ती एका जागी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“पोलीस मला रोज तीनदा अडवतात,” शेवटी ती म्हणाली. “एकोणीस वर्षांत खोटा कागद दाखवला नाही, म्हणून मान वर करून बोलते. नको.”

“मग गाडी अडली तर काय करायचं, त्याचा विचार करून ठेवा,” अथमान बोटं पुसत म्हणाला.

जहाज एक जानेवारीला सकाळी धक्क्याला लागलं. साहेबाने कागद उलटसुलट केले आणि सांगितलं, गाडी या देशात उतरणार नाही. परत पाठवा किंवा देशाबाहेर काढा. भाडं, दंड, धक्क्यावरचं रोजचं भाडं, सगळं तिच्या माथी. बाई रडली नाही. फाटकापाशी जाऊन तिने त्या व्हॅनच्या दारावर तळहात ठेवला, मग ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

आता अथमान कामाला लागला. युगांडात वयाचा नियम सैल आहे. कंपालाच्या ओकेलो नावाच्या शाळाचालकाला अशीच व्हॅन हवी होती. फोनवर सौदा झाला. मकांबुरीची जवळजवळ निम्मी बचत बुडाली, निम्मी वाचली. अशा गाड्या सरहद्दीपर्यंत चालवत न्यायला परवान्याचे ड्रायव्हर लागतात.

“मी नेते,” ती म्हणाली.

“ताई, कशाला जिवाला त्रास?”

“तुमचा ड्रायव्हर घाटात क्लच जाळेल. आणि भाडं तरी मला मिळेल.”

परवान्याला दोन आठवडे गेले. मग नऊ गाड्यांच्या ताफ्यात ती निघाली. गाडीला सरकारी सील, त्यात माग काढणारं यंत्र. ठरलेल्या रस्त्यावरून हलायचं नाही, ठरल्याशिवाय थांबायचं नाही. मी तिच्या शेजारी बसलो नाही, तशी परवानगीच नव्हती. पुढचं तिने सांगितलं ते असं.

ताफा वोईला पोचला तेव्हा वुंदान्यीचा फाटा डाव्या हाताला दिसला. तिचा हात आपोआप इंडिकेटरवर गेला. म्वाकिओ रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात किमांगाचा, घेवडा घालून घोटलेल्या कंदांचा डबा. तिने गाडी हळू केली, खिडकीतून डबा घेतला.

“छान आहे गं गाडी,” तो शेजारून धावत म्हणाला.

“डिझेल कमी पितेय,” ती म्हणाली, आणि मागच्याने हॉर्न मारला.

मलाबाची, युगांडाला लागून असलेली सरहद्द तिने दुसऱ्या दिवशी गाठली. ओकेलो इंजिन ऐकून खूश झाला. चावी देताना तिने त्याला पंधरा मिनिटं सुनावलं: उतारावर न्यूट्रल नाही, दर पाच हजारला तेल, पोरं दाराला लटकायला नकोत. तो “हो ताई, हो ताई” म्हणत राहिला. मग ती बसने परतली, आणि ड्रायव्हर चुकीच्या गिअरमध्ये चढ चढवतो म्हणून नैरोबीपर्यंत त्याच्याशी भांडली.

वाचलेल्या पैशांत मोठी व्हॅन येत नव्हती. मे महिन्यात तिने सात सीटची आणि पुन्हा वयाची भानगड नको म्हणून फेब्रुवारी २०१९ची गाडी मागवली. जूनअखेरीस ती धक्क्याला लागली. सूट कमी, म्हणून कर जबर. म्वाकिओचं उरलेलं मशीनही गहाण पडलं. दोन महिने तिने दोन-दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि ते सोडवून आणलं.

आता सकाळी सहाला ती माझ्या दारासमोर हॉर्न मारते. मी चहा संपवेपर्यंत थांबत नाही. परवा मी धावत जाऊन चढलो तर म्हणाली, “मास्तर, दार नीट लावा. आणि पुढे बसा, मागे मिरच्यांची पोती आहेत.”