आर्डिसने बसवलेला ब्रेक

मी हसलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, लपवून करू काय! आर्डिस टोलँड अंगणात तिच्या जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगखाली उताणी पडली होती, बाहेर फक्त बूट दिसत होते, आणि मी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी उभा राहून खो खो हसलो.

"ग्लेंडन," आतून आवाज आला, "हसून झालं असेल तर तो बारका पाना दे इकडे."

बाई एकसष्ट वर्षांची. सत्तावीस वर्षं आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक केला. बुधवारी तिखट बीन्स आणि दालचिनीचे रोल असायचे. ते खाऊन वाढलेले आज वायोमिंगभर ट्रक हाकतात. पण घोड्यांचा ट्रेलर मात्र तिनं जन्मात ओढला नव्हता. ते काम तिच्या नवऱ्याचं, व्हर्लचं. हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं चार शब्दांवर आलं. त्याचा मोठा ट्रक विकला गेला. उरली आर्डिसची पिकअप, आणि तिच्यात ट्रेलरचे ब्रेक चालवायचा कंट्रोलरच नव्हता.

आता हा कंट्रोलरचा डबा नसेल तर काय होतं? ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक असतात. पुढच्या गाडीतून त्यांना वीज सोडणारं कुणी नसलं, की घाट उतरताना दोन घोड्या आणि ट्रेलर असं तीन टन वजन पाठीवर बसतं आणि गाडीला खाली ढकलत नेतं. व्हर्लला त्याचीच भीती होती. त्यानं डाव्या हातानं पाटीवर लिहून दिलं: विका. ट्रेलर आणि दोन्ही घोड्या. गिऱ्हाईक मीच आणलं होतं, रविवारी येणार होतं. आर्डिस म्हणाली, "शनिवारी मी घोड्या विलो घाटापलीकडं कुरणात नेऊन दाखवते. जमलं तर विकायच्या नाहीत. नाही जमलं तर मी एक अवाक्षर काढणार नाही." व्हर्लनं मान हलवून हो म्हटलं.

गावातल्या गॅरेजवाल्यानं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. म्हणून बाईनं डबा विकत आणला आणि माहितीपत्रक घेऊन स्वतःच भिडली.

"चार वायरी आहेत," ती म्हणाली. "दोनशे पोरांचा पाव कागदावर बघून भाजला मी. हे काय त्याहून अवघड आहे?"

"पांढरी अर्थिंगची, ती कुठल्याही बोल्टला आवळ," मी शहाणपणा केला. "सगळे तसंच करतात."

"कागदावर थेट बॅटरीला लिहिलंय."

"कागद लिहिणाऱ्यानं कधी घोडा पाहिला असेल का?"

"तू कधी कागद वाचलास का?"

तिनं पत्र्याला भोक पाडलं, वायर घासू नये म्हणून रबराची कडी बसवली, पांढरी वायर बॅटरीपर्यंत नेली. लाल वायर ब्रेकच्या पायडलमागं, ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला जोडायची होती. तिनं टेस्टचा दिवा लावून दहादा पायडल दाबून पाहिलं. पाय ठेवला की पेटायला हवा, काढला की विझायला हवा. शुक्रवारी दुपारी डबा स्टिअरिंगखाली घट्ट बसला.

मग आमच्या रस्त्यावर चाचणी. ताशी पंचवीस मैलांच्या वेगात हातानं डब्यावरची, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी खटकी दाबायची. ट्रेलरनं मागून हळूच ओढ दिली पाहिजे. ब्रेकचा जोर कमीजास्त करणारा नॉब फिरवत फिरवत तिनं ती ओढ बरोबर आणली. मी टाळ्या वाजवल्या. "झालं! आता पुढच्या वसंतापर्यंत नॉबला हात लावायचा नाही."

आमच्या खोऱ्याची रीतच आहे ही. वसंतात रिकाम्या ट्रेलरवर एकदा नॉब लावायचा, मग वर्षभर विसरायचा. मधे कुणी तो फिरवताना दिसला, की दुकानात त्याची टिंगल होते, घाबरला म्हणून. मीही तीस वर्षं तेच केलं.

"ट्रेलर रिकामा आहे ना रे?" आर्डिस म्हणाली.

"मग?"

"मग घोड्या काय चालत येणारेत?"

शनिवारी सकाळी तिनं दोन्ही घोड्या चढवल्या आणि तोच रस्ता पुन्हा धरला. मी शेजारी बसलो होतो. तिनं खटकी दाबली. काय सांगू, ट्रेलर थांबायचं नावच घेईना! फाटकापर्यंत ढकलत आला आम्हाला. याच नॉबवर ती घाट उतरली असती तर? आर्डिसनं नॉब एक घर वाढवला, पुन्हा फेरी, पुन्हा एक घर. अशा पाच फेऱ्या. पाचव्या फेरीला ट्रेलर आज्ञाधारकासारखा थांबला, आणि मागं घोड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

व्हर्ल ओट्यावरून सगळं बघत होता. तो काठी टेकत आला. मी उतरलो, तो माझ्या जागेवर बसला, डाव्या हातानं पट्टा लावला. "चल," एवढंच म्हणाला. चार शब्दांतला एक खर्ची घातला त्यानं.

मी माझ्या ट्रकनं मागं लागलो. विलो घाटात सात मैल उतार आहे. मी तिच्या मागच्या दिव्यांकडं बघत होतो. वळणाआधी ते पेटायचे, ट्रेलर सरळ रेषेत सावकाश व्हायचा, वळण घ्यायचा. एकदाही डुलला नाही. अहो, मी एकटाच गाडीत बसून ओरडत होतो, "वा गं बाई, वा!"

खाली सपाटीला ती थांबली. मी आधी गिऱ्हाइकाला फोन करून रविवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं, कुणालाही न विचारता. मग चाकं तापलीत का ते हात लावून पाहिलं. कोमट होती, बस्स. मी तिच्या खिडकीशी धावलो, "आर्डिस! खोऱ्यात तुझ्यासारखा..."

"श्श!" तिनं मला दटावलं.

व्हर्ल टोलँड कुणाच्याही गाडीत डोळा मिटणारा माणूस नव्हे. माझ्या शेजारी बसला तरी गाडीच्या तळाला पाय रोवून माझे ब्रेक तोच दाबायचा. आत्ता त्याची टोपी नाकावर आली होती, तोंड उघडं होतं आणि तो चक्क घोरत होता.

"कधीपासून?" मी कुजबुजलो.

"तिसऱ्या वळणापासून," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.