काशीनाथच्या चौदा खुंट्या

काशीनाथ परभणीत माझ्याबरोबर कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. १९९२ साली त्यानं पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहिला आणि गावातल्या जोश्यांनी त्याचं डोकं खाल्लं. एक म्हणे मंगळ असा धरा, दुसरा म्हणे तसा. प्रत्येकासाठी अख्खा प्रोग्राम कोण उसवत बसणार? मग काशीनाथनं त्यात जागोजाग खुंट्या ठेवल्या. गुण जुळवता जुळवता प्रोग्राम खुंटीपाशी थांबायचा. कुणी आपला नियम वेगळ्या फाइलीत लिहून तिथं टांगला असेल तर त्याला विचारायचा आणि पुढं जायचा. मूळ प्रोग्रामला हात लावायचं कामच नाही. शेवटची खुंटी निकालाची. तिथला नियम म्हणेल ते अंतिम, म्हणजे कुणा जोश्याचा रुसवा नको. मला हे तेव्हाच खटकलं होतं, पण मी मेला कौतुकच करत राहिलो.

बन्सीधरबुवा जोश्यांच्या दुकानातल्या प्रोग्रामचा नियम तर त्यानं स्वतःच लिहून निकालाच्या खुंटीवर टांगला: मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, विवाह वर्ज्य. अर्ध्या तासाचं काम. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळं वालूरला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीचं, सुमंगलाचं नक्षत्र मूळच आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या वर्षी सुमंगलाचं पोखर्णीला ठरत आलं. मुलगा मास्तर, आणि तिला तो मनापासून आवडलेला. मुलाचे वडील दिनकरराव एकदा बघून घ्यावं म्हणून बुवांकडे गेले. कागद निघाला: गुण अठ्ठावीस, विवाह वर्ज्य. तळाशी प्रोग्राम करणाऱ्याचं नाव, काशीनाथ.

काशीनाथनं नियम काढून नवा कागद छापला आणि मला घेऊन पोखर्णी गाठली. दिनकररावांनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले.

"हे बी तुमचंच, ते बी तुमचंच. मंग आमी खरं कोणतं म्हणावं?"

"पहिल्यात बुवांचा नियम टांगलेला हाय, काका. तो काढला की..."

"टांगला कोणी?"

 मला काशीनाथचा राग आला, आणि कीवही आली. दिनकररावांनी चहा पाजला, दोन्ही कागद परत दिले आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. पुढची बोलणी झालीच नाहीत.

वालूरला सुमंगलानं तो पहिला कागद हातात घेतला. काशीनाथ भडाभडा बोलत सुटला, खुंटी काय, नियम काय, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती खुंट्या हायत, दादा?"

"चौदा."

"सगळ्या जोश्यांना इचारलंस. मला इचारायची कितवी हाय?"