टाचेवरचा हात

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मापकाका त्याच्या तोंडाकडे नाही, टाचांकडे बघायचे. बुटांच्या दुकानात बावीस वर्षं गेलेली; खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाची टाच तळहातावर घेतली की माप कळलंच. पट्टी लावायचे ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

स्वतःच्या टाचा मात्र त्यांनी कोणाला दाखवल्या नव्हत्या. टाचेच्या वर जी दोरीसारखी नस असते, ती त्यांच्या दोन्ही पायांत अंगठ्याएवढी जाड, गाठाळ आणि कायम गरम असायची. दुखणं घराण्याचंच. रक्तात चरबी जन्मापासून बेसुमार, आणि ती हृदयाच्या नळ्यांत साठते तशी या नसांतही साठते. वडील एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, थोरला भाऊ एक्केचाळिसाव्या. मापकाकांना त्रेचाळिसावं लागलं होतं.

गोळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना दर दुसऱ्या शुक्रवारी यंत्राला जुंपलं. एका हातातून रक्त निघायचं, यंत्र त्यातला पिवळा द्रव वेगळा करून चरबी गाळून घ्यायचं, आणि साफ झालेलं रक्त दुसऱ्या हातातून परत आत जायचं. तीन तास खुर्चीत बसून दोन्ही हात हलवायचे नाहीत. नाकाला खाज सुटली तर सिस्टरला हाक मारायची, ती "डावीकडे की उजवीकडे?" एवढंच विचारून खाजवायची आणि हसायची नाही, हे तिचे उपकार. शेवटी गाळणी थिजलेल्या मेणासारखी दिसायची. परत येणारं रक्त गार असायचं, आणि तो गारवा खांद्याकडे चढताना कळायचा.

तिसऱ्या खेपेनंतर टाच सुटली. मापकाकांच्या मनात 'बरी झाली' असं आलं नाही, 'सुटली' असंच आलं, आणि त्याला कारण होतं.

दहा वर्षांचे असताना ते घरचा जिना चढत होते आणि वडील मागून येत होते. वरच्या वळणावर वडिलांनी त्यांची टाच घट्ट धरली. बाबा खेळतायत असं वाटून त्यांनी पाय झटकला आणि हसत वर पळाले. वर जाऊन वळून पाहिलं, तर वडील पायऱ्यांवर पालथे पडलेले, एक हात पुढे पसरलेला. ही गोष्ट त्यांनी जन्मात कोणाला सांगितली नाही, अगदी बायकोलाही नाही. मोठेपणी टाच दुखायला लागली ती त्याच वळणावर. मागून पकड बसायची, पाच बोटांची, ऊबदार.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "चरबी साठते तिथे शरीर आतल्या आत धुमसत राहतं. चरबी गाळली की ते धुमसणंही कमी होतं. सूज उतरली, म्हणून मोकळं वाटतंय तुम्हाला." मापकाकांनी मान डोलावली. शास्त्र पटलं. पण बाराव्या-तेराव्या दिवशी चरबी पुन्हा चढली, की टाचेवर आधी करंगळी टेकायची आणि मग एकेक बोट, ते का, हे काही त्यांना विचारवलं नाही.

बाई दर खेपेला आणखी एक गोष्ट सांगायच्या: अकरा वर्षांच्या मुलीचं रक्त तपासून घ्या, आत्ता कळलं तर गोळ्यांवर भागेल, तिच्यावर या खुर्चीची वेळच येणार नाही. बायकोनेही तीनदा विषय काढला. मापकाका आज सर्दी आहे, उद्या परीक्षा आहे, असं करून टाळायचे. माणूस घाबरला होता. कागदावर आलं की खरं होईल, असं त्याला वाटत होतं.

दरम्यान मुलगी म्हणत होती की बूट मागे चावतो. यांनी वर्षात तीन जोड बदलले, बुटाची मागची कड हातोडीने ठोकून मऊ केली, शेवटी मागे उघड्या असलेल्या सपाता दिल्या. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर पहिल्याच दिवशी टाच हातात घेऊन पाहिली असती. हिची घेतली नाही. इथे मला त्यांचा रागच येतो.

मग तो गुरुवार आला. तेरावा दिवस, आणि टाचेवर एक बोटही टेकलं नव्हतं. मापकाका शीळ घालत दुपारच्या जेवणाला घरी निघाले. जिन्याच्या वरच्या वळणावर मुलगी कठडा धरून उभी होती, एक टाच उचललेली, नजर मागे.

"काय गं, थांबलीस का?"

"काही नाही. इथे आलं की मागून कोणीतरी टाच धरतं." नळ गळतोय म्हणून सांगावं तितक्या सहज ती म्हणाली. "आधी सोडायचे. कालपासून सोडतच नाहीत."

मापकाका पायरीवर बसले आणि तिची टाच तळहातावर घेतली. जाड. गाठाळ. गरम. त्या हाताचं माप आजवर कधी चुकलं नव्हतं.

"तू पाय झटकतेस का?" त्यांनी विचारलं. आवाज आपलाच आहे असं त्यांना वाटेना.

"नाही. लागेल ना त्यांना."

घरात जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, जिन्यापासून सपातांपर्यंत. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती "तेहतीस वर्षं?" एवढंच म्हणाली आणि चप्पल घालायला उठली. ताटं तशीच झाकून तिघं दवाखान्याला निघाली.

जिना उतरताना त्यांनी मुलीला आपल्या मागे घेतलं. आपण कोसळलोच, तर आपला हात तिच्या टाचेपर्यंत पोचू नये, एवढंच डोक्यात होतं. वळणावर त्यांच्या टाचेवर करंगळी टेकली. मग एकेक बोट. या वेळी त्यांनी पाय झटकला नाही.

"बाबा, सुटलं," मागून मुलगी म्हणाली.

"बरं झालं. कठडा धर," ते म्हणाले, आणि पाय ओढत उतरत राहिले.