शीळ घालणारी कवळी

गल्लीत त्यांना सगळे बत्तीशीकाका म्हणतात. आता गेली सहा वर्षं काका आणि काकू प्रत्येक सुट्टीत कुठे ना कुठे उलथलेले असतात. एका वर्षी बेटावर कासवांची अंडी मोजली, एका वर्षी पुरात वाहून गेलेल्या शाळेची भिंत बांधली, त्यात काकांचा अंगठा ठेचला आणि तो त्यांनी महिनाभर सगळ्यांना दाखवला. पण जिना चढायचा म्हटलं तरी आधी विचार करणारा हा माणूस या उद्योगात पडला कसा, ते सांगण्यासारखं आहे.

काका कवळ्या बनवतात. दातांच्या दवाखान्याच्या तळघरात त्यांची खोली, वर डॉक्टरीणबाई. बाई पेशंटच्या जबड्याचं माप घेणार, ते डब्यातून खाली येणार, काका त्यात प्लास्टर ओतून साचा काढणार, साच्यावर मेण लावून त्यात एकेक दात रांगेत बसवणार, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते शिजवणार, घासणार, चकाकवणार. तयार कवळी परत त्याच डब्यातून वर. एकतीस वर्षांत काकांनी हजारो लोकांना दात दिले, पण त्यातला एकही माणूस डोळ्यांनी पाहिला नव्हता. वर कोण आरशात बघून खूश झालं, कोणी किती वर्षांनी पेरू खाल्ला, याचा खाली पत्ता नाही. खाली यायच्या त्या फक्त तक्रारींच्या चिठ्ठ्या. 'हिरडीला टोचते.' 'सैल होते.' 'स म्हणताना शीळ वाजते, दुरुस्त करा.' काका त्या खिळ्याला अडकवायचे आणि निमूट कामाला लागायचे. शीळ वाजणाऱ्या कवळीचा तर त्यांना मनस्वी राग. वरचे दात जरा पुढे गेले किंवा मध्ये फट राहिली की वारा निसटतो, म्हणजे बनवणाऱ्याचा हात हलला. काकांचा हात हलत नसे. त्यांच्या कवळीतले दात कवायतीला उभे केल्यासारखे सरळ असत.

एकच हौस त्यांच्या मनात राहून गेली होती. आपण केलेली कवळी घालून कोणीतरी खदखदून हसताना एकदा बघायचं होतं. एकदा बाजारात एका गृहस्थाचे दात त्यांना आपलेच वाटले, आणि खात्री करून घ्यायला ते त्याच्या तोंडात वाकून बघायला लागले. गृहस्थाने चारचौघांत असा काही आवाज चढवला की काकांनी भाजीची पिशवी तिथेच टाकून घर गाठलं. ती हकिकत त्यांनी काकूंना सांगितली आणि त्या ओघात मनातली हौसही सांगून टाकली. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. काकू वाचनालयात काम करतात, आणि त्या गप्प बसल्या की समजावं, काहीतरी शिजतंय.

दोन आठवड्यांनी त्यांनी एक भरलेला फॉर्म काकांपुढे ठेवला. सुट्टीत दुर्गम गावांत जाऊन काम करणारं एक स्वयंसेवकांचं पथक होतं. या खेपेला दातांचे डॉक्टर निघाले होते आणि त्यांना कवळ्या करणारा माणूस हवा होता. काका म्हणाले, मला रजेत घरी कामं असतात.

"रजेत तुम्ही नळ दुरुस्त करता," काकू म्हणाल्या. "घरात आता गळायला एकही नळ उरलेला नाही. सही करा."

काकांनी सही केली. काकूंपुढे त्यांचं कधीच काही चाललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते चालवायचंही नव्हतं.

दोन दिवस बस, मग एक दिवस पायी चढण. सामान खेचरांवर, काका आपल्या पायांवर. शेवटी एक नदी आडवी आली. तिच्यावर पूल नव्हता, तार होती, आणि त्या तारेला लटकवलेला एक लाकडी पाळणा. पाळण्यात एकेकाने बसायचं आणि पलीकडच्यांनी दोरीने ओढून घ्यायचं. काकांनी प्लास्टरची पिशवी छातीशी धरली, डोळे मिटले आणि बसले. मधोमध पाळणा थांबला. खाली पाणी गरजत होतं आणि काकांची दातखिळी बसली होती. मग न राहवून त्यांनी एक डोळा उघडला. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, वर निळं आभाळ, पायाखाली पांढरं फेसाळ पाणी. त्यांनी दुसराही उघडला. पलीकडे पोचल्यावर ते जमिनीवर उतरले आणि एखाद्या पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, परत येतानाही यातूनच यायचं ना?

गावातल्या शाळेच्या एका वर्गात दवाखाना मांडला गेला, आणि शेजारच्या वर्गात काका. मधे नुसतं एक दार, तेही नीट लागत नव्हतं. पेशंट त्या दारातून सरळ आत यायचे, काकांच्या बाकावर बसायचे, साचे उचलून बघायचे, हे माझं तोंड का, असं विचारायचे. पहिल्या दिवशी काकांच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी ते उत्तरं द्यायला लागले. प्लास्टिक शिजवायला त्यांनी गावातूनच एक प्रेशर कुकर मागून आणला होता, आणि कुकरची शिट्टी झाली की बाहेर कोणीतरी हटकून म्हणायचं, झाले बघा कोणाचे तरी दात. आठव्या दिवसापर्यंत अकरा जणांना कवळ्या मिळाल्या. लोकांनी काकांचे हात हातात घेतले, मान डोलावली, आशीर्वाद दिले. पण नवी कवळी घातलेला माणूस पहिले काही दिवस तोंड मिटूनच बसतो. हसलं कोणीच नाही.

बाराव्या होत्या शेळ्यांच्या आजी. पंच्याहत्तरीच्या, काटकुळ्या, डोंगरावर एकट्या चाळीस शेळ्या राखणाऱ्या. माप देऊन गेल्या त्या गेल्याच. मेणाचे दात तोंडात बसवून बघायच्या दिवशी त्या वर कुरणात होत्या, त्यामुळे ती पायरी राहून गेली. काकांनी कवळी थेट पक्की करून टाकली. ती त्यांची आजवरची सगळ्यात सुरेख कवळी होती, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. आजी आल्या, त्यांनी ती घातली, आरशात बघितलं, दोन बोटं ओठांत घालून फू केलं आणि कवळी काढून बाकावर ठेवली.

"छान आहे, पण हे दात माझे नाहीत," असं म्हणून त्या निघून गेल्या.

काकांचा चेहरा पडला. पथकातल्या तरुण डॉक्टरांनी समजूत घातली की असा एखादा पेशंट असायचाच. परतीला दोनच दिवस उरले होते. तक्रारीची चिठ्ठी असती तर काकांनी खिळ्याला टोचली असती, पण इथे चिठ्ठी नव्हती, माणूस होतं, आणि ते कुठे राहतं हे ठाऊक होतं. काका कवळी डब्यात घालून डोंगर चढायला लागले.

दीड तासाने धापा टाकत ते कुरणात पोचले, तेव्हा आजी एका शेळीमागे उतारावर धावत होत्या. धावून झाल्यावर त्या काकांशेजारी दगडावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती. त्या फटीतून त्या शीळ घालायच्या आणि चाळीसच्या चाळीस शेळ्या डोंगराच्या कुठल्याही टोकावरून परत यायच्या. चार वर्षांपूर्वी दात गेले, शीळ गेली. आता हाका मारून घसा बसतो आणि शेळ्या ढुंकून बघत नाहीत. गेल्या थंडीत एकीच्या मागे धावताना त्या पडल्या. तेव्हापासून पुतण्या म्हणतो, शेळ्या माझ्याकडे दे आणि घरात बस. या महिन्याच्या शेवटी तो न्यायला येणार होता.

"मला वाटलं दात आले की शीळ येईल," आजी म्हणाल्या. "तू फटच बुजवलीस की रे."

काकांना आधी रागच आला. एकतीस वर्षं जी चूक होऊ नये म्हणून त्यांनी डोळे फोडून घेतले होते, नेमकी तीच ही बाई मागत होती. मग उतरता उतरता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शीळ वाजू नये म्हणून काय काय करायचं, हे या डोंगरावर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आता ते सगळं फक्त उलटं करायचं होतं. ते उरलेली वाट जवळजवळ धावतच उतरले.

पुढचे दोन दात कापून काढताना त्यांचा जीव वरखाली झाला. ते त्यांनी जरा पुढे घेतले, मधे फट सोडली, टाळूकडची बाजू घासून पातळ केली, आणि गुलाबी प्लास्टिकची पूड कालवून सगळं परत जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घासायचं छोटं मशीन आणि बॅटरी पाठीवर घेऊन पुन्हा वर गेले. आजींनी कवळी घातली, फुंकर मारली. नुसती हवा. काकांनी कवळी मागून घेतली, फट जराशी मोठी केली. पुन्हा हवा, पण टोकाला बारीक चिरका आवाज. काकांनी स्वतःच्या जिभेने टाळू चाचपून बघितला, विचार केला, आणि दातांमागे नखाएवढी जागा आणखी कोरली. आता आणखी कोरलं तर पलीकडे भोक पडणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कवळी पुसून आजींच्या हातात दिली.

आजींनी शीळ घातली. अशी शीळ काकांनी जन्मात ऐकली नव्हती. ती समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. उतारावरच्या शेळ्यांनी एकदम माना वर केल्या, क्षणभर त्यांचाही विश्वास बसला नसावा, आणि मग चाळीसच्या चाळीस उधळत निघाल्या. त्यांच्या आणि आजींच्या मधोमध काका उभे होते. त्यांना बाजूला व्हायलाही सवड मिळाली नाही. डबा एकीकडे, टोपी दुसरीकडे, काका बसकण मारून मधे, आणि एक बोकड त्यांच्या मांडीवरून गेला.

आजी हसायला लागल्या. तोंड भरून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका गवतात बसूनच बघत राहिले. वरचे दात, खालचे दात, मधली ती फट, सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं. ओळ वाकडी होती. इतकं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं काकांना वाटलं. एवढ्यात हसण्याच्या भरात आजींची खालची कवळी निसटून हातात पडली. त्या तशाच, अर्ध्या दातांनी, आणखी जोरात हसल्या, आणि काकाही हसायला लागले.

खालची कवळी घट्ट करायला दोन दिवस तरी हवे होते आणि पथक सकाळी निघणार होतं. गावात मोबाईलला रेंज फक्त शाळेच्या छपरावर मिळायची. काका शिडी लावून वर चढले, कौलांवर बसले आणि त्यांनी घरी फोन लावला. मला यायला दोन दिवस उशीर होईल, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

"बरी आहे," काका म्हणाले. "अगं, इथे एक आजी हसल्या."

पलीकडून नुसती खरखर आली. काकांना वाटलं, रेंज गेली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"हळू सांगा," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. मी गॅस बंद करून बसते."